टूरिंगसाठी कस्टम सीट करून घ्यायचीय? फोमला हात लावायच्या आधी हा क्रम बघा

सीटबद्दल जे विचारायला येतात त्यातले बहुतेक जण एकाच जागी अडकलेले असतात. बूड दुखतं म्हणून कारागिराकडे गेले, जेल टाकून घेतलं, कव्हर नवीन केलं, पहिले दोन दिवस मस्त वाटलं आणि पहिल्याच लांब राइडला तिसऱ्या तासात परत तेच सुरू. पैसे गेले आणि वर ओरिजिनल फोम पण कापला गेला. कारागीर दरवेळी वाईट असतो असं नाही, आपण त्याला सांगताना चुकतो. आधी कव्हरचा रंग ठरवतो, मग जेल की मेमरी फोम यावर डोकं लावतो, आणि सीटच्या आकाराबद्दल कोणी बोलतच नाही. खरा क्रम असा पाहिजे: आधी दुखणं समजून घ्या, मग बाइकचं सेटिंग, मग मापं, मग आकार, मग फोम आणि कव्हर सगळ्यात शेवटी.

१. दुखतं कुठे आणि कधी, ते लिहून काढा

"सीट त्रास देते" एवढ्यावर कोणीच काही करू शकत नाही. आहे त्याच सीटवर दोन-तीन लांब राइड करा, किमान दोन-अडीच तासांच्या, आणि प्रत्येक थांब्यावर फोनमध्ये दोन ओळी लिहा. किती मिनिटांनी सुरू झालं, कुठे दुखतंय, ठणका आहे की आग होतेय की मुंग्या येतायत, आणि उतरून चालल्यावर किती वेळात थांबलं. घरी आल्यावर आठवून लिहू नका, घरी आल्यावर सगळंच दुखलेलं वाटतं.

साधारण अर्थ असा लागतो. बसायची दोन हाडं, म्हणजे कडक बाकावर बसल्यावर टोचतात ती, तिथेच ठणका असेल तर फोम जास्त मऊ किंवा फार पातळ आहे, नाहीतर सीट मागे अरुंद आहे. माकडहाड दुखत असेल तर तुम्ही पाठीत वाकून बसताय, किंवा पिलियनच्या (मागे बसणाऱ्याच्या) सीटची उंच पायरी माकडहाडाला टेकतेय. मांडीच्या आतल्या बाजूला काचत असेल तर सीटची पुढची कड रुंद किंवा टोकदार आहे. पुढच्या नाजूक भागात बधिरपणा येत असेल तर बहुतेक तुम्ही घसरत टाकीकडे जाताय. तळहात बधिर होणं आणि खांदे भरून येणं हे सुद्धा कधीकधी सीटच्या उतारामुळेच असतं, कारण घसरू नये म्हणून तुम्ही हँडलवर भार देत असता. गुडघे आखडत असतील तर सीट आणि फूटपेग (पाय ठेवायची दांडी) यांच्यातलं अंतर कमी आहे.

घसरताय का हे बघायची सोपी युक्ती: आरामात बसा आणि पँटच्या बाजूच्या शिवणीच्या रेषेत सीटच्या कडेला कागदी टेपचा तुकडा लावून घ्या. अर्ध्या तासाने थांबल्यावर उतरायच्या आधी बघा शिवण कुठे आलीय. तीन-चार सेंटिमीटर पुढे आली असेल तर तुमचा प्रश्न उताराचा आहे, मग जगातलं कुठलंही जेल टाका, फरक पडणार नाही.

> सावधान: बधिरपणा उतरल्यावरही बराच वेळ राहत असेल, किंवा कमरेतून पायात कळ जात असेल, तर सीटचं काम थांबवा आणि आधी डॉक्टरला दाखवा.

२. सीट सोडून बाकीची बाइक आधी लावून घ्या

ही पायरी सगळे गाळतात. सीट, हँडल आणि फूटपेग हा त्रिकोण आहे, एक कोपरा चुकीचा असला की दुखणं दुसऱ्याच कोपऱ्यात दिसतं. हँडल लांब पडत असेल तर तुम्ही नकळत पुढे सरकून बसता, म्हणजे सीटच्या अरुंद भागावर, आणि मग सीटला शिव्या बसतात.

हँडल क्लँपमध्ये थोडं स्वतःकडे फिरवून बघा, ब्रेक आणि क्लचचे लीव्हर मनगट सरळ राहील असे वळवा. रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) लावणार असाल तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना ते बघाच. फूटपेग खाली घेता येत असतील तर गुडघ्याचा त्रास सीटला हात न लावता कमी होऊ शकतो.

मग मागचं सस्पेन्शन. नेहमीच्या सामानासकट आणि राइडिंग गिअर घालून बसल्यावर मागचं सस्पेन्शन त्याच्या एकूण ट्रॅव्हलच्या (पूर्ण दबायच्या अंतराच्या) साधारण ३० टक्के दबलं पाहिजे. मागचं चाक हवेत असताना अॅक्सलपासून शेपटीवरच्या एका पक्क्या खुणेपर्यंत माप घ्या, मग तुम्ही बसल्यावर दुसऱ्या कोणाला तरी तेच माप घ्यायला सांगा, फरक म्हणजे सॅग. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) फार कडक असेल तर प्रत्येक खड्डा थेट मणक्यात येतो आणि वर मागची बाजू उचललेली राहिल्यामुळे सीट पुढे उतरती होते, दोन्हीकडून मार. फार मऊ असेल तर सस्पेन्शन तळाला आदळतं, आणि तो दणका लोक फोमच्या नावावर लिहितात.

कपडे पण बघा. जीन्सची जाड शिवण बरोबर बसायच्या हाडाखाली येते, सुती अंतर्वस्त्र घामाने ओलं होऊन घासतं, मागच्या खिशात पाकीट असतं. एकदा पँटच्या आत बिनशिवणीची शॉर्ट घालून तीच राइड करून बघा. काही लोकांचं अर्धं दुखणं इथेच संपतं.

> तपासा: वरचं सगळं बदलून परत एक लांब राइड केली का, आणि पायरी १ ची नोंद परत लिहिली का? दुखणं तरीही तिथेच आणि त्याच वेळेला येत असेल तरच पुढे जा.

३. मापं

बसायच्या हाडांचं अंतर घरीच मोजता येतं. कडक सपाट स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, बाइकवर जेवढे पुढे झुकता तेवढंच झुका, पाय एखाद्या पाटावर ठेवा म्हणजे गुडघे थोडे वर येतील, आणि एक मिनिट न हलता बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतील, नाही दिसले तर खडू आडवा घासा. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर बहुतेकांचं १० ते १५ सेंटिमीटरच्या आसपास येतं. तीनदा मोजा.

झुकण्याबद्दल एवढं का सांगतोय, तर सरळ बसल्यावर हाडांचा रुंद भाग टेकतो आणि पुढे झुकलं की कंबरेचा खुबा फिरून अरुंद भाग टेकतो. त्यामुळे सरळ बसायच्या टूररला मागे रुंद सीट लागते, आणि झुकून चालवायच्या बाइकला तेवढी लागत नाही.

बाकी मापं पटकन होतात: बूट घालून पायाच्या आतल्या बाजूची लांबी, गिअरसकट वजन, आणि तीन फोटो. एक बाजूने, पाय फूटपेगवर आणि हात हँडलवर. एक बाजूने, दोन्ही पाय जमिनीवर. एक मागून. फोटोत पोज देऊ नका, दहा मिनिटं बाइकवर बसून मग काढायला सांगा, म्हणजे खरी बैठक येते. मागच्या फोटोत बूड सीटच्या दोन्ही कडांवरून बाहेर लोंबतंय का ते लगेच दिसतं.

४. आधी तात्पुरता प्रयोग

सीट उघडू नका. जुनी योगा मॅट किंवा कडक फोमची शीट घ्या, पट्ट्या कापा आणि सीटवर चांगल्या टेपने चिकटवा. पुढे उतार वाटतोय तर पुढच्या भागात एक-दोन थर देऊन सीट सपाट करा. मागे अरुंद वाटतेय तर दोन्ही कडांना आधार द्या. माकडहाडाला लागतंय तर मध्ये दोन-अडीच सेंटिमीटरची फट सोडून दोन्ही बाजूंना पट्ट्या लावा. वर एक जुना टी-शर्ट ताणून बांधा आणि जवळच्या ओळखीच्या रस्त्यावर तासभर हळू चालवून या, टेप सुटली नाही ना ते दर थांब्याला बघत.

दिसायला भयंकर दिसतं, पण कारागिराकडे जाताना "इथे दोन सेंटिमीटर वाढव, इथे कड गोल कर" असं नेमकं सांगता येतं. मी माझी पहिली सीट या पायरीशिवाय केली होती आणि एका सीटसाठी तीन वेळा फोम बदलावा लागला. दुसऱ्या वेळी दोन शनिवार पट्ट्या लावण्यात घालवले आणि सीट एका फेरीत झाली.

एका वेळी एकच गोष्ट बदला. उतार आणि रुंदी एकत्र बदललीत तर कशाने बरं वाटलं ते कळणारच नाही.

५. आकार ठरवा, खरं काम इथेच आहे

रुंदी: ज्या जागी तुमची हाडं टेकतात तिथला सपाट भाग हाडांच्या बाहेर दोन्हीकडे किमान दोन-तीन सेंटिमीटर तरी पुढे गेला पाहिजे. सपाट म्हणजे खरंच सपाट. बऱ्याच कंपनीच्या सीट मधून फुगीर आणि कडेला उतरत्या असतात, त्यावर हाडं उतारावर बसतात आणि दोन्ही बाजूंना ताणली जातात, वरून बघताना मात्र सीट रुंद दिसते. पट्टी आडवी ठेवून बघा, मध्ये टेकतेय आणि कडेला फट राहतेय तर हाच प्रकार.

पुढचा भाग: मागे रुंद पाहिजे पण मांड्यांमध्ये येणारा भाग अरुंद आणि गोल कडांचा पाहिजे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण उंची कमी असलेले रायडर इथेच सीट खराब करून घेतात. पाय जमिनीला पुरत नाहीत म्हणून ते मधला फोम कापून सीट खाली घेतात, फोम पातळ होतो, बूड तळाच्या प्लॅस्टिकवर बसतं आणि गुडघे अजून दुमडतात. त्याऐवजी पुढच्या दोन्ही कडा आतून कमी करा. पाय बाहेरून वळसा घालून जाण्याऐवजी सरळ खाली जातात, तेवढ्याने टाचा बऱ्यापैकी खाली येतात आणि हाडांखालची जाडी तशीच राहते.

उतार: बसायची जागा जवळपास सपाट पाहिजे. मोजताना बाइक मेन स्टँडवर ठेवू नका, कारण तिथे बाइकचा कोन रस्त्यावरच्यापेक्षा वेगळा असतो. दोन्ही चाकं जमिनीवर, कोणीतरी बाइक धरून, सस्पेन्शन नेहमीएवढं दबलेलं, आणि सीटवर पट्टी ठेवून फोनच्या लेव्हलने बघा. उतार काढायच्या नादात पुढची बाजू जास्त उचलून घेऊ नका. तसं केलं की घसरणं थांबतं पण पुढच्या नाजूक भागावर दाब येतो आणि तो त्रास आधीच्यापेक्षा वाईट.

खोलगट की सपाट: खोलगट सीट पहिल्यांदा बसल्यावर फार छान वाटते, बूड बरोबर मावतं, मागून आधार मिळतो. पण सीट तुम्हाला एकाच जागी धरून ठेवते आणि लांब प्रवासात आराम मिळतो तो मुख्यतः जागा बदलल्यामुळे, तासाला दोन-चार वेळा दोन इंच मागे, दोन इंच पुढे. मला विचाराल तर दिवसाला ४००-५०० किलोमीटर चालवणाऱ्याने हलका खोलगटपणा ठेवावा, मागे-पुढे सरकायला जागा ठेवून. फार खोल सीट करायचीच असेल तर ती तुमच्या मापाने अगदी अचूक पाहिजे, चूक झाली तर ती चूक दिवसभर एकाच जागी टोचत राहते.

माकडहाडाची खाच: माकडहाड दुखत असेल तरच करा. मागच्या बाजूने मधोमध पन्हाळीसारखी, कडा गोल. फार रुंद केली तर हाडं खाचेच्या कडेवर बसतील, म्हणून पुठ्ठ्यावरचं माप कारागिराला दाखवा.

> तपासा: सीट उंच केली तर गुडघे मोकळे होतात पण पाय कमी पुरतात. उंची एक सेंटिमीटर जरी वाढवणार असाल तरी त्या उंचीला सामान लादलेली बाइक उभ्या जागी सरळ धरता येते का ते बघून घ्या.

६. फोम

दुकानात सीटवर अंगठा दाबून "मऊ आहे" म्हणणं ही सगळ्यात मोठी फसवणूक. मऊ फोममध्ये हाडं खाली जातात, तळ लागतो, आणि भार आजूबाजूच्या मऊ भागावर येतो, तिथली रक्ताची ये-जा दबते आणि मुंग्या येतात. पहिल्या दहा मिनिटांत थोडी कडक वाटणारी सीट तिसऱ्या तासाला बरी असते.

घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारागीर सुद्धा अनेकदा एकच समजून बोलतात. घनता म्हणजे घनमीटरला किती किलो, ती जास्त असेल तर फोम लवकर बसत नाही, टिकतो. कडकपणा म्हणजे दाबायला किती जोर लागतो. जास्त घनतेचा मऊ फोम मिळतो आणि कमी घनतेचा कडक पण मिळतो, तो काही महिन्यांत पिचतो. साध्या गाद्यांचा हलका फोम सीटला चालत नाही, ५० किलो प्रति घनमीटरच्या वरचा मागा, आणि कडकपणा तुमच्या वजनाप्रमाणे: ५५ किलोच्या माणसाला जो फोम दगड वाटतो तोच ९५ किलोच्या माणसाला बरोबर बसतो. मित्राची सीट ट्राय करून "मला पण हीच" म्हणू नका.

खाली कडक थर आणि वर एक-दोन सेंटिमीटर जरा मऊ थर ही रचना बहुतेकांना जमते. तुम्ही बसल्यावर सुद्धा हाडाखाली दोनेक सेंटिमीटर फोम शिल्लक राहिला पाहिजे. चिकटवताना गोंदाचा थर पातळ लागतो, जाड झाला तर वाळल्यावर कडक पापुद्रा होतो आणि तो जाणवतो.

जेल, मेमरी फोम, हवेची गादी: तिन्हीचा उपयोग आहे पण चुकीच्या आकारावर तिन्ही वाया. जेल दबून लहान होत नाही, फक्त बाजूला सरकतं, म्हणून ते फोममध्ये खाच करून बसवावं आणि वर पातळ फोम द्यावा, नाहीतर त्याची कड लागते. उन्हात उभ्या बाइकवर जेल तापतं आणि लवकर निवत नाही. मेमरी फोम थंडीत कडक आणि गरमीत ढिला होतो, त्यामुळे वरचा पातळ थर म्हणून ठीक, पूर्ण सीट त्याची नको. हवेच्या गादीत लोक दरवेळी जास्त हवा भरतात. बसा आणि हवा सोडत जा, बूड सीटला टेकायच्या जरा आधी थांबा. फुगलेल्या गादीवर बाइक वळणात डुलल्यासारखी वाटते.

७. पिलियन

मागे कोणी बसणार असेल तर त्या व्यक्तीला मापाच्या दिवशीच घेऊन जा, नंतर सांगून काही होत नाही. रायडरच्या बाजूची पायरी तुमच्या माकडहाडाच्या मागे सुरू झाली पाहिजे. मागची सीट पुढे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला पिलियन तुमच्या पाठीवर येतो आणि तुम्ही टाकीवर. फार उंच केली तर वारा लागतो आणि डोकं हेलकावतं.

८. कारागीर निवडताना

रेडीमेड आफ्टरमार्केट सीट, आहे त्या सीटचा फोम बदलून घेणं, किंवा तळापासून नवीन बनवणं, असे तीन रस्ते आहेत. पायरी ४ मध्ये छोट्या बदलांनीच बरं वाटलं असेल तर दुसरा रस्ता पुरतो. कडेला मोठे पंख (सीटच्या बाजूला वाढवलेले भाग) लागणार असतील तर तळपत्राच्या (सीटच्या तळाच्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या) बाहेर फोमला आधार लागतो, ते काम ज्याने आधी केलंय त्याच्याकडेच द्या.

त्याला विचारायचे प्रश्न: कव्हर लावायच्या आधी नुसत्या फोमवर बाइक चालवून बघू देणार का? नंतर एकदा बदल करायचा झाला तर करून देणार का? फोमची घनता सांगता येईल का? पहिल्याला "नाही" म्हटलं तर मी दुसरीकडे जातो, बाकी काम कितीही देखणं असू दे. आणि तुमची मापं, फोटो, नोंदी न बघता "मला माहितीये काय लागतं" म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

जमत असेल तर जुनी वापरलेली सीट मिळवून तिच्यावर काम करा, ओरिजिनल तशीच ठेवा. कापलेला फोम परत येत नाही.

> सावधान: नुसत्या फोमवरची चाचणी पंधरा मिनिटांची नको. किमान तासभर, गिअर घालून, आणि पायरी १ सारखीच नोंद करत.

९. कव्हर

ताणाच्या बाबतीत सगळे चुकतात. कव्हर ढोलासारखं ताणून बसवलं की खालचा फोम कितीही चांगला असू दे, तुम्ही कव्हरवर बसता, फोमवर बसतच नाही, आणि खाच किंवा खोलगट भाग वरून झोळीसारखा बुजतो. चारही बाजूंना थोडं ताणलं जाणारं मटेरियल घ्या. हाडं टेकतात तिथे शिवण नको, मांडीच्या आतल्या कडेला पण नको. सजावटीची शिलाई बसायच्या जागेवर घेऊ नका, प्रत्येक टाक्याचं भोक पाणी आत घेतं आणि भिजलेला फोम वाळायला दिवस लागतात. फोम आणि कव्हरमध्ये पातळ प्लॅस्टिकची शीट द्यायला सांगा. फार गुळगुळीत मटेरियल घसरतं, फार खरखरीत घेतलं तर जागा बदलता येत नाही, मधलं बघा.

१०. सीट हातात आल्यावर

बाइकवर लावायच्या आधी उलटी करून बघा. पिना तळपत्रातून आरपार फोममध्ये घुसलेल्या नकोत, गंज न लागणाऱ्या पाहिजेत. तळाचे रबरी ठोकळे सगळे जागेवर पाहिजेत, एक जरी गेला तरी सीट डुलते आणि तळपत्राला तडा जातो. पुढचा हूक आणि मागचं लॉक जोर न लावता बसलं पाहिजे. टाकीला कव्हर घासत नाही, बॅटरी किंवा वायरिंग दबत नाही, एअर फिल्टरची वाट बुजत नाही, एवढं बघून मगच बसा.

नवीन कडक फोम मोकळा व्हायला ५०० ते १००० किलोमीटर सहज जातात, म्हणून मोठ्या ट्रिपच्या आदल्या दिवशी सीट बदलू नका. पहिल्या शंभर किलोमीटरवर निकाल देऊ नका, सगळीकडे सारखा कडकपणा जाणवत असेल तर तो कमी होतो. पण एकाच ठिकाणी टोचत असेल, घसरायला होत असेल किंवा मुंग्या येत असतील तर ते आकाराचं आहे, किलोमीटर वाढवून जाणार नाही. तेव्हा पायरी १ ची नोंद आणि टेपची खूण घेऊन परत जा, आणि कुठे किती मिलिमीटर कमी-जास्त करायचं ते कव्हरवर खडूने खूण करूनच द्या.